जाड अक्षराचं पोट

या महिन्याच्या टपालात एकाच अक्षराबद्दल निम्मी पत्रं आहेत. जाडजूड, गोलगरगरीत, टोकांना शेपट्या नसलेलं, पट्टी-कंपास घेऊन काढल्यासारखं दिसणारं. इंग्रजीत त्याला ‘जिओमेट्रिक सॅन्स सेरिफ’ म्हणतात आणि त्यातला ‘बोल्ड’ सध्या सगळ्यांना हवा असतो. लक्ष्मी रोडवर एक फेरी मारा. साडीचं दुकान, चष्म्याचं दुकान, कोचिंग क्लास, सगळे एकाच अक्षरात बोलतात. मला ते अक्षर आवडतं, हे आधीच सांगते. म्हणजे पुढचं वाचून कुणी गैरसमज करून घ्यायला नको.

ताई, कर्वेनगरला माझं ‘श्रद्धा’ नावाचं पोळी-भाजी केंद्र आहे. नवीन बोर्ड करताना डिझाइनवाल्या मुलाने इंग्रजी नाव छान जाड, गोल अक्षरात बसवलं. मराठीही तसंच जाड हवं म्हटल्यावर त्याने लगेच तेवढंच जाड करून दिलं. कॉम्प्युटरवर सुंदर दिसत होतं. बोर्ड लागला आणि समोरच्या रिक्षास्टँडवरचे काका विचारायला लागले, “वहिनी, नाव काय ठेवलंय?” अठरा हजार गेले. फॉन्ट चुकला की मी? — एक भगिनी, कर्वेनगर

तुम्ही चुकला नाहीत. तुमच्या पत्रातल्या ‘लगेच तेवढंच जाड करून दिलं’ या पाच शब्दांत सगळा घोटाळा आहे. जाड अक्षर लगेच होत नाही.

मी मंगळवारी दुपारी मुद्दाम तुमच्या रस्त्यावर येऊन गेले. रिक्षास्टँडपाशी स्कूटर लावली आणि डोळे किलकिले करून पाहिलं. इंग्रजी नाव स्वच्छ वाचता येत होतं. मराठीत शेवटचा काना तेवढा ओळखू आला. ‘श्र’चा गोळा झालाय आणि ‘द्ध’च्या जागी कुणी लादीपाव चिकटवल्यासारखा दिसतोय. (तुमची मटकीची उसळ मात्र घेऊन आले. ती वाचायला अडचण आली नाही.)

झालंय असं की त्या मुलाने कोरल या चित्रं-पाट्या करायच्या सॉफ्टवेअरमध्ये साधं अक्षर घेतलं आणि त्याला बाहेरून आउटलाइन चढवली. ही रेघ निम्मी अक्षराच्या बाहेर जाते आणि निम्मी आत. बाहेर गेलेल्या निम्मीने अक्षर फुगतं, आत आलेल्या निम्मीने अक्षराच्या पोटातली पांढरी जागा खाल्ली जाते. नारायण पेठेत माझ्या वडिलांचा छापखाना होता. तिथे खिळ्यात, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरात, शाई साचून अक्षर बुजलं की वडील म्हणायचे, “पोट भरलं, रॉकेल आण.” मग रॉकेलमध्ये ब्रश बुडवून ते खिळे घासायचं काम माझ्याकडे यायचं. तुमच्या बोर्डावर पोट भरलंय आणि रॉकेलचा उपयोग नाही.

इंग्रजीत हा प्रकार खपून जातो, कारण तिथे एका अक्षराला एखादंच पोट, फार तर दोन. आपल्याकडे ‘द्ध’मध्ये ‘द’च्या कुशीत ‘ध’ बसलेला असतो, वर शिरोरेषा, शेजारी काना. तेवढ्याच जागेत दुप्पट संसार. म्हणून खरा जाड फॉन्ट करणारा माणूस अक्षर नव्याने काढतो. वजन वाढवताना अक्षर रुंद करतो, आडव्या रेघा उभ्यांपेक्षा बारीक ठेवतो, जोडाक्षरात जिथे रेघा एकमेकींना भेटतात तिथे चिमटा काढतो. शिरोरेषा तर फार जपून जाड करावी लागते, कारण ती सगळ्या शब्दाला एकत्र बांधते. ती गरजेपेक्षा जाड झाली की नजर तिच्यावरच अडकते आणि खालची अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात.

आता उपाय. ‘पॉपिन्स’ नावाचा फॉन्ट घ्या. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली आणला. (फाउंड्री म्हणजे फॉन्ट तयार करणारी कंपनी.) त्यातलं इंग्रजी जॉनी पिनहॉर्न यांचं, देवनागरी निनाद काळे यांचं. भौमितिक वळणाची इतकी मोठी देवनागरी मालिका त्याआधी नव्हती: ‘थिन’पासून ‘ब्लॅक’पर्यंत ९ वजनं, म्हणजे जाडीच्या ९ पायऱ्या. तुमच्या कामाची आणखी एक गोष्ट त्यात आहे. देवनागरी अक्षराची उंची इंग्रजी ‘बी’ किंवा ‘एल’च्या उभ्या दांडीइतकी ठेवली आहे आणि इंग्रजी कॅपिटल त्याहून थोडं बुटकं. त्यामुळे एकाच साइझला दोन्ही भाषा लावल्या तरी मराठी शेजारी अंग चोरून उभी राहत नाही. २०२२च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर इतर भाषेपेक्षा लहान चालत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. पण पाटीवाले उंची मोजतात आणि मोकळे होतात. वाचता येतं का, हे कुठलीच टेप मोजत नाही.

‘ब्लॅक’ मागू नका, ‘बोल्ड’ मागा. तुमच्या अक्षरांच्या आत एलईडी आहेत ना? मग ‘सेमीबोल्ड’. रात्री उजेड कडेकडेने पसरतो, अक्षर आहे त्याहून जाड दिसतं आणि पोट आणखी आकसतं. दिवसा किंचित सडपातळ वाटलेलं अक्षर रात्री बरोबर दिसतं. पॉपिन्स फार ऑफिससारखा वाटला तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा ‘बालू’ बघा. तोही जाडच, पण कोपरे मऊ आहेत. खाण्याच्या दुकानाला मी तोच देईन. बोर्ड अरुंद असेल तर त्याच मंडळींचा ‘अनेक’ आहे, त्यात जाडीबरोबर रुंदीही कमी-जास्त करता येते. पण अक्षर हाताने ओढून ताणून अरुंद करायचं नाही. तसं केलं की उभ्या रेघा बारीक होतात, आडव्या तशाच राहतात आणि सगळं नाव आजारी दिसतं.

आणि पुन्हा पैसे घालायच्या आधी घरच्या घरी एक परीक्षा. फूटभर उंचीचं अक्षर साठ फुटांवरून जेवढं दिसतं, तेवढंच इंचभर उंचीचं अक्षर पाच फुटांवरून दिसतं. नाव कागदावर इंचभर उंचीत छापा, भिंतीला चिकटवा, पाच फूट मागे या आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचायला सांगा. मागचा पत्रा तसाच ठेवून फक्त अक्षरं बदलून घ्या. जुन्या स्क्रूची भोकं नव्या अक्षरांखाली जातील अशी मांडणी करा असं त्या मुलाला सांगा, म्हणजे अठरा हजार पुन्हा जाणार नाहीत.

मॅडम, मी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘फ्युचुरा’ हा फॉन्ट बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत तयार झाला आणि तो शुद्ध वर्तुळ-चौकोन-त्रिकोणावर बेतलेला आहे, असं आम्हाला शिकवलं. असाइनमेंटसाठी फ्युचुरा बोल्डच्या ‘ओ’वर कंपासने वर्तुळ काढून बघितलं तर जुळेना. माझा कंपास खराब की पुस्तक? — विद्यार्थी, टिळक रोड

कंपास चांगला आहे, सांभाळून ठेव. बघून पडताळायची सवय त्याहून सांभाळून ठेव.

आधी बाउहाउसचं. फ्युचुरा काढला पाउल रेनर यांनी आणि १९२७ साली फ्रँकफुर्टच्या बाउअर फाउंड्रीने तो बाजारात आणला. रेनर बाउहाउसमध्ये कधीच शिकवत नव्हते. ते त्या काळाच्या हवेतले होते, एवढंच. बाउहाउसमध्ये हर्बर्ट बायर यांनी १९२५च्या सुमारास खरोखर कंपासने एक वर्णमाला काढली होती, कॅपिटल अक्षरं सोडून देऊन. ती पाहायला मजेदार आहे आणि परिच्छेदभर वाचायला शिक्षा. रेनर यांचे सुरुवातीचे आराखडेही असेच होते, ‘आर’ म्हणजे काठी आणि शेजारी सुटा ठिपका! फाउंड्रीतून फॉन्ट बाहेर पडेपर्यंत असल्या बहुतेक अक्षरांना कात्री लागली. राहिलं ते भूमितीसारखं दिसणारं, पण डोळ्याने दुरुस्त केलेलं अक्षर. कॅपिटल अक्षरांची मापं तर त्यांनी थेट रोमन शिलालेखांच्या वळणाची ठेवली. ‘ई’, ‘एफ’, ‘एस’ चिंचोळी आणि ‘ओ’, ‘सी’, ‘जी’ ऐसपैस. दोन हजार वर्षांचं जुनं हाड, वर नवा कोट.

हे अक्षर त्यांना महागात पडलं असं नाही, पण विचार पडले. १९३३ साली नाझींनी त्यांना अटक केली, म्युनिकच्या मुद्रण शाळेतली नोकरी गेली. त्यांनी १९३२ साली नाझींच्या कलाविषयक धोरणाविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. पुढे १९६९ साली चंद्रावर जी धातूची पाटी ठेवून आले तिच्यावरची अक्षरं फ्युचुराची आहेत. पुण्यात आपण पाट्यांचा अभिमान बाळगतो खरा, पण त्या पाटीइतकी लांब आपली एकही गेलेली नाही.

आता कंपास. कागदावर दोन सारख्या जाडीच्या पट्ट्या काढ, एक उभी, एक आडवी. आडवी जाड वाटेल. मग एकाच उंचीचे चौकोन, वर्तुळ आणि त्रिकोण शेजारी शेजारी काढ. वर्तुळ बुटकं वाटेल आणि त्रिकोण त्याहून बुटका. डोळा असाच आहे, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. म्हणून फॉन्टमध्ये ‘ओ’ ओळीच्या वर-खाली थोडा बाहेर काढतात, त्याच्या वरच्या आणि खालच्या कमानी बाजूंपेक्षा बारीक करतात. ‘ए’चं टोक ओळीच्या वर घुसवतात. बारीक वजनात ही लबाडी केसाएवढी असते, कुणाला कळत नाही. बोल्डमध्ये ती मोठी होते, कारण शाई जास्त म्हणून फसवणूकही जास्त. गोल पोट जिथे उभ्या दांडीला चिकटतं तिथे तर रेघ बऱ्यापैकी निमुळती करावी लागते, नाहीतर त्या कोपऱ्यात काळा डाग पडतो. तू ‘ओ’ऐवजी छोट्या लिपीतल्या ‘बी’वर कंपास ठेवला असतास तर आणखी चक्रावला असतास.

सरांना एक विचार (मी विचारायला सांगितलं असं नको सांगू): देवनागरीतलं वर्तुळ कुठलं? पटकन ‘ठ’ म्हणतील. बरोबर आहे, पण ‘ठ’ शिरोरेषेला एका छोट्या देठाने लटकलेला असतो. पूर्ण गोल काढलास तर तो देठावरून घसरून पडेल असा दिसतो, त्याला किंचित बसकट करावा लागतो. आणि खरी परीक्षा ‘ळ’ची. हा आपला, मराठीचा. दोन पोटं शेजारी शेजारी आणि मध्ये एकच भिंत. फॉन्ट आधी इंग्रजीत विचार करून काढलेला असला की ‘ळ’ म्हणजे आडवा पडलेला आठ होतो, आणि जाड केला की चष्म्याच्या काचांना काळा रंग फासल्यासारखा. मी कुठलाही नवीन देवनागरी फॉन्ट हातात घेतला की आधी ‘टिळक’ लिहून बघते. ते जमलं तर पुढचं बोलायचं.

असाइनमेंटपलीकडे काही करायचं असेल तर एक वाट दाखवते. न्यू यॉर्कच्या जुन्या इमारतींवरची, विशेषतः एका बस टर्मिनलवरची, साधीसुधी अक्षरं पाहून टोबियस फ्रेअर-जोन्स यांनी २००० साली ‘गॉथम’ काढला. ब्युनोस आयर्सच्या आपल्या मोहल्ल्यातल्या जुन्या पाट्या आणि पोस्टर पाहून हुलिएता उलानोव्स्की यांनी ‘मोंसेरात’ काढला, फॉन्टला नावही मोहल्ल्याचंच. तुझ्या कॉलेजपासून पायी अंतरावर सदाशिव, शुक्रवार, बुधवार अशा पेठा आहेत. सिमेंटमध्ये उठवलेली वाड्यांची नावं, तालमींच्या कमानी, जुन्या दवाखान्यांच्या पाट्या. पाडापाडी जोरात आहे, तेव्हा फोटो आधी काढ, विचार नंतर कर.

मुलाच्या लग्नाची पत्रिका सगळी जाड, आधुनिक गोल अक्षरात करावी असा मुलाचा हट्ट आहे. आपलं मत? — वरपिता, बिबवेवाडी

वधूवरांची नावं करू द्या, छान दिसतील. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून खालचा मजकूर त्याच जाड अक्षरात घातलात तर तुम्ही पाहुण्यांना बोलावताय की दम देताय हे कळणार नाही. जाड अक्षर मथळ्याचं. चार ओळींच्या पुढे ते डोळ्यांना बोचतं. मजकूर ‘मुक्ता’ फॉन्टच्या साध्या वजनात लावा. आणि भटजींनी दिलेला मुहूर्त कितीही जाड छापलात तरी माणसं जेवायच्या वेळेलाच येणार.

पाट्यांवर सर्रास हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ दिसतो. पूर्वी असं नव्हतं. मी १४ पाट्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. नवीन जाड फॉन्टांनी मराठी वळण घालवलं, हे माझं स्पष्ट मत. — ज्येष्ठ नागरिक, सदाशिव पेठ

सप्रेम नमस्कार. चौदाही फोटो पाहिले. क्रमांक ९ माझ्या भाच्याच्या दुकानाचा निघाला. त्याच्याशी बोलणं झालं आहे.

तुमच्या मताशी निम्मी सहमत. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हे मराठीचं वळण, आणि ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयानेही मराठीसाठी तेच सांगितलं आहे. पण फॉन्टवर सगळा राग काढू नका. आजच्या बऱ्याच फॉन्टांत दोन्ही ‘ल’ असतात. दर्शनी हिंदीचा असतो, मराठीचा आतल्या खोलीत. प्रोग्रॅमला ‘भाषा मराठी’ असं सांगितलं की तो बाहेर येतो. वेबसाइटच्या कोडमध्ये, मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, बऱ्याच ठिकाणी ही भाषेची खूण करायची सोय आहे. करायला कुणी बसत नाही. माझ्या भाच्याने केली नव्हती.

फॉन्टवाल्यांच्या बाजूने एवढंच सांगेन की पाकळीचा ‘ल’ जाड करणं खरोखर अवघड आहे. दोन पाकळ्या, मध्ये देठ, वर शिरोरेषा. कान्याचा ‘ल’ त्यामानाने सुटसुटीत. काही जण सोपी वाट धरतात. तुम्हाला फॉन्ट तपासायचा असेल तर ‘लाल शाल’वर थांबू नका. मी एक ओळ ठेवली आहे, कात्रण करून घ्या: विठ्ठल, कुऱ्हाड, ॲल्युमिनियम, श्रद्धा, टाळ, शुक्ल, राष्ट्र, दऱ्या. ‘कुऱ्हाड’ आणि ‘दऱ्या’मधला तो आडवा, मिशीसारखा ‘र’ कित्येक फॉन्टांत धड जुळत नाही. ‘ॲल्युमिनियम’मधला चंद्र कधी हरवतो, कधी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. ‘विठ्ठल’ जाड अक्षरात निभावला तर तो फॉन्ट पंढरपूरला पायी जाऊ शकेल.

आमच्या संस्थेची स्मरणिका जुन्या श्रीलिपी फाइलमध्ये आहे. नवीन जाड फॉन्ट लावला की सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होतो. — डीटीपी व्यावसायिक, अप्पा बळवंत चौक

तुम्हाला मी काय सांगायचं, तुमच्या चौकात माझं निम्मं आयुष्य प्रुफं पोचवण्यात गेलं. श्रीलिपी हे मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर पुण्यातच जन्मलं आणि त्याने एका पिढीचा छपाईचा संसार चालवला, हे आधी मान्य करू. पण त्या काळच्या फॉन्टांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसतो. तो एखाद्या इंग्रजी अक्षराच्या घरात भाडेकरू असतो. फॉन्ट बदलला की भाडेकरू जातो आणि घरमालक दार उघडतो. पॉपिन्स, बालू हे युनिकोडचे फॉन्ट, तिथे ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवलेला असतो. आधी मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, मग फॉन्ट लावा. मधल्या पायरीला प्रुफं वाचा, अगदी शब्द न् शब्द. रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकतात, पहिली वेलांटी हरवते. मी एकदा घाई केली आणि एका कार्यकारिणीतले ‘सर्वश्री’ सगळे ‘सवश्री’ झाले. अध्यक्षांनी अजून माफ केलेलं नाही.

छपाईला पाठवताना जाड मथळे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, पाठवा, म्हणजे प्रेसच्या मशीनवर तो फॉन्ट नसला तरी अक्षर जागचं हलणार नाही. कर्व्ह न केलेली एक प्रत मात्र स्वतःकडे ठेवा. कर्व्ह केलेल्या अक्षरातली शुद्धलेखनाची चूक सुधारता येत नाही, आणि ती नेमकी छापून आल्यावर दिसते.

फुकट फॉन्ट दुकानाच्या लोगोला वापरला तर पुढे कुणी पैसे मागेल का? — उद्योजक, भोसरी

पॉपिन्स, बालू, अनेक, मुक्ता हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. लोगो, पाटी, खोके, टीशर्ट, काहीही करा, धंद्यासाठी करा, कुणी विचारणार नाही. नुसती फॉन्टची फाइल विकायला ठेवू नका, तेवढी मनाई आहे. फ्युचुरा आणि गॉथम मात्र विकत घ्यायचे फॉन्ट आहेत. मित्राने पेनड्राइव्हवर दिला, म्हणजे परवाना दिला असं होत नाही.

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमधल्या वायफायचा पासवर्ड नोटीस बोर्डावर छान जाड फॉन्टमध्ये लावला आहे. तो कुणालाच नीट टाकता येत नाही. सेक्रेटरी म्हणतात राउटर खराब आहे. — सभासद, बाणेर

राउटरला निर्दोष सोडा. अशा फॉन्टांत कॅपिटल ‘आय’ म्हणजे उभी काठी, स्मॉल ‘एल’ म्हणजेही उभी काठी, आणि कधी कधी एकचा आकडाही तिसरी काठी. ‘ओ’ आणि शून्यही जुळे भाऊ. साधेपणाची ही किंमत आहे, सगळे दागिने उतरवले की माणसं ओळखू येत नाहीत. पासवर्ड, औषधाचं नाव, गाडीच्या पार्किंगचा नंबर, खात्याचा क्रमांक यांना हा फॉन्ट लावू नका. आणि सोसायटीने पासवर्डच बदलून ‘चहापोहे’ ठेवला तर माझी हरकत नाही.

तुमचं सदर नेहमी वाचतो. मी ४० वर्षं पाट्या रंगवल्या, पुण्यात आणि आसपासच्या गावांत. फ्लेक्स आला आणि काम थांबलं. आम्ही जाड अक्षर काढताना आधी अंग रंगवायचो, मग पाटीचाच रंग घेऊन पोटं कापायचो. हे फॉन्टवाले कॉम्प्युटरवर नेमकं काय करतात? आमच्यासारखं कापतात की नुसतं फुगवतात? — निवृत्त पेंटर, भोर

दादा, या महिन्याचं सगळ्यात चांगलं पत्र तुमचं. वर कर्वेनगरच्या ताईंना मी दोन पानं खर्चून जे सांगितलं ते तुम्ही एका ओळीत सांगितलंत.

वाईट फॉन्टवाले फुगवतात. चांगले तुमच्यासारखंच कापतात. पडद्यावर ते काळी बाहेरची रेघ आणि पांढरी आतली रेघ वेगवेगळी काढतात आणि खरा वेळ आतल्या रेघेवर जातो. ‘एक टाइप’चाच ‘मोदक’ नावाचा देवनागरी फॉन्ट आहे, नातवाला मोबाइलवर दाखवायला सांगा. इतका लठ्ठ की अक्षरांच्या पोटात नुसती पांढरी फट उरली आहे, ब्रशच्या एका केसाने ओढल्यासारखी. तरीही वाचता येतं. ती फट कुठे ठेवायची आणि किती वाकवायची, यातच त्या फॉन्टची सगळी अक्कल आहे. पाहिल्यावर तुम्ही म्हणाल की हे काम कुठल्यातरी पेंटरचं आहे.

आमच्या छापखान्यात मोठे मथळे लाकडी ठशांत असायचे. ते झिजले की वडील एका पेंटरकाकांना बोलवायचे. ते धारदार कोरणीने ठशाची पोटं पुन्हा उघडी करायचे. मी शेजारी बसून बघायचे. ‘क्ष’ ते खालच्या गाठीपासून सुरू करायचे हे मला आठवतं, पण ‘ज्ञ’ची वेळ आली की वडील मला चहा सांगायला पिटाळायचे आणि परत येईपर्यंत ‘ज्ञ’ झालेला असायचा. तेव्हा पुढच्या पत्रात एवढं कळवा: ‘ज्ञ’चं पोट कापताना तुम्ही ब्रश पहिल्यांदा कुठे टेकवायचात?